दोन्या एदुविहेसनी गिळलेलं कडवं

गेल्या मंगळवारी आमच्या क्लासमध्ये एक पाहुणे व्याख्यान देऊन गेले. विषय होता विद्यार्थ्यांचा ताण आणि संगीत. पडद्यावर त्यांनी एक आलेख दाखवला. रोज अर्धा तास गाणी ऐकली की परीक्षेची धास्ती कमी होते, झोप सुधारते, मन थाऱ्यावर राहतं, असं म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर बीजगणिताच्या वह्या तपासत बसले होते आणि मनातल्या मनात त्यांना विचारत होते, कोणती गाणी हो? आणि पोराने गाणं लावलं तर भिंतीपलीकडे ऐकणाऱ्याने काय करायचं, ते तुमच्या आलेखात कुठे आहे?

उघड विचारलं नाही. पाहुणे होते, बाहेर त्यांची गाडी थांबली होती. पण घरी येताना मला दोन्या एदुविहेस, म्हणजे एदुविहेसबाई, आठवल्या आणि त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी मी त्यांच्या घरी भाड्याने राहत होते. लिमात, ब्रेन्या भागात, जिथे प्रवेश परीक्षेचे क्लास गल्लोगल्ली आहेत तिथे. मी चिम्बोतेची, बंदरावरची. बाप मासळीच्या कारखान्यात. विद्यापीठाच्या परीक्षेत दोनदा आपटले होते आणि तिसऱ्यांदा आपटायची तयारी चालू होती. घर दुमजली, मधे चौक, चौकाभोवती अकरा खोल्या. खोल्यांमधल्या भिंती प्लायवूडच्या, त्यामुळे शेजारच्याने कूस बदलली तरी कळायचं.

बाकीच्या घरमालकिणी आवाज नको म्हणून दारावर पाट्या लावतात. आमच्या दोन्यांचं सगळंच उलटं. पहिल्या दिवशी किल्ली हातात देताना त्यांनी मला अट घातली.

"खोलीत असशील तेव्हा मुकं बसायचं नाही. रेडिओ लाव, फोनवर लाव, नाहीतर स्वतः रेक. पण कानात ती बोंडं घालायची नाहीत. मला ऐकू आलं पाहिजे."

"आणि अभ्यास?"

"अभ्यास डोळ्यांनी करतात, कानांनी नाही. रात्री नऊला बंद."

मला वाटलं, बाईचा एक स्क्रू ढिला आहे. महिनाभरात कळलं की स्क्रू जागेवर आहे, उलट जरा जास्तच घट्ट बसलाय. चौकाच्या एका कोपऱ्यात स्वयंपाकघर होतं. तिथे बटाटे सोलत बसलेल्या दोन्या सगळ्या खोल्यांतली गाणी एकाच वेळी ऐकायच्या आणि त्यावरून कोणाचं काय चाललंय ते सांगायच्या.

"सात नंबरला पुन्हा मार पडलाय, गणितात."

"कशावरून, दोन्या?"

"परवा नाचाची कुंबिया होती, आज ती रडकी बाई लावलीय."

संध्याकाळी सात नंबरचा पोरगा तोंड पाडून यायचा. क्लासच्या भिंतीवर दर सोमवारी सराव परीक्षेची यादी लागायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी नावं, आणि सात नंबरचं नाव खाली घसरलेलं असायचं. दोन्यांना यादी बघायची गरजच नव्हती.

येर्सन नावाचा एक चिक्लायोचा पोरगा होता, माझ्याच वर्गातला, घरातला ठरलेला विदूषक. तो विचारायचा, "आणि माझं काय, दोन्या?"

"तुझं? तुला ज्या दिवशी ताण येईल ना, त्या दिवशी जुलैत लिमाला सूर्य दिसेल."

त्यांच्या उपचाराच्या पायऱ्याही ठरलेल्या होत्या. एखाद्याने एकच दुःखी गाणं दिवसभर लावलं तर दुर्लक्ष. दुसऱ्या दिवशी तेच, तर दाराशी कॅमोमाइलच्या फुलांचा काढा. तिसऱ्या दिवशी दोन्या स्वतः येऊन खाटेवर बसायच्या आणि उठायच्या नाहीत. चौथ्या दिवशी आईला फोन. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर होतं, त्याच्या मागच्या बाजूला आम्हा सगळ्यांच्या आयांचे नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेले होते. माझ्या आईला दोनदा फोन गेला. मी चिडले, भांडले, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा वाचले.

कॅलेंडरशेजारी एका खिळ्याला लाल फीत बांधलेली कात्री टांगलेली असायची. ती भाजीला नाही, कापडाला नाही. जो परीक्षेत पास होईल त्याचे केस चौकात बसवून कापायचे, ही सगळ्या लिमाची रीत. मुलांचं डोकं सफाचट, मुलींची एखादी बट. पोरं येताजाता त्या कात्रीला हात लावून जायची.

दोन्या स्वतःला रिमाकच्या म्हणवायच्या, नदीपलीकडच्या, सात पिढ्या लिमातल्या. बोलणं अगदी स्वच्छ, एकेक शब्द धुऊन इस्त्री केल्यासारखा. आणि डोंगरातून आलेल्या पोरांची त्यांना चीड होती. चीड म्हणजे, जेवायला दोन घास जास्तच वाढायच्या, पण त्यांचं बोलणं सहन व्हायचं नाही. केचुआ भाषेतला एखादा शब्द कोणाच्या तोंडून निसटला की दोन्यांच्या कपाळाला आठी. "इथे माणसांसारखं बोलायचं. डोंगरी बोली डोंगरात." आम्ही किनाऱ्यावरची पोरं यावर हसायचो. मीसुद्धा हसले आहे. आज लाज वाटते.

चार नंबरची खोली वरच्या मजल्यावर कोपऱ्यात होती, गच्चीच्या लोखंडी जिन्याला लागून. ती कधी कोणाला द्यायच्या नाहीत. आत शिलाई मशीन, मोडक्या खुर्च्या, बांधलेल्या गाद्या. ओल येते म्हणायच्या. पण मी राहत होते त्या वर्षी एप्रिलमध्ये घर भरलेलं असताना एक मुलगी दारात उभी राहिली. पाठीवर रंगीत कापडात बांधलेलं गाठोडं, कमरेपर्यंत वेणी, हातात तिच्या गावच्या पाद्रीची चिठ्ठी. नेलिदा वार्काया, अपुरिमाकच्या डोंगरातली. वय अठरा. दोन्यांनी चिठ्ठी वाचली, मुलीकडे पाहिलं, वर पाहिलं. मग मशीन खाली आणायला आम्हाला हाका मारल्या.

दुसऱ्या दिवशी पाववाल्याने सायकलवरून चार नंबरची उघडी खिडकी पाहिली आणि मला विचारलं, "ती खोली परत दिली?" मी हो म्हणाले. त्याने छातीवर क्रूस काढला आणि पुढे काही न सांगता निघून गेला.

नेलिदा फार बोलायची नाही. पहिल्याच आठवड्यात जेवताना तिने मीठ मागितलं, जरा घाबरत, तिच्याकडच्या हेलात, आणि दोन्या म्हणाल्या, "तोंड उघडून नीट बोल पोरी, इथे मेंढरं नाहीत ऐकायला." टेबलाभोवती हशा पिकला. नेलिदाही हसली. त्यानंतर तिने टेबलावर काही मागितलेलं मला आठवत नाही. मीठ दूर असलं तर अळणी खायची.

तिच्या खोलीतून सुरुवातीला डोंगरातली जुनी गाणी यायची, हार्प आणि व्हायोलिन, बाईचा उंच आवाज. दुःखी होती, पण तिकडची गाणी सगळी दुःखीच, असं आम्ही समजायचो. दोन्या काढा पाठवायच्या. खाटेवर जाऊन बसायच्या. पण आईला फोन मात्र त्यांनी केला नाही. त्या गावात फोन लागत नाही म्हणाल्या. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

मे महिन्यात एकदा गच्चीवर कपडे धुताना नेलिदाने मला सांगितलं. हात साबणात होते, मान खाली.

"दालिला, मी घरी सांगितलंय की मी पास झाले. मार्चच्या परीक्षेत."

"मग?"

"मग गावाने जेवण घातलं. माझ्या पाद्रीनोने बँड आणला." पाद्रीनो म्हणजे धर्मपिता, बापाच्या जागचा माणूस. "आई सगळ्यांना सांगते, माझी नेलिदा विद्यापीठात जाते. पाद्रीनो येणार आहेत अठ्ठावीस जुलैला, राष्ट्रीय सणाला. त्यांना विद्यापीठ बघायचंय. माझा वर्ग बघायचाय."

मी म्हटलं, "अगं, इथे प्रत्येकजण घरी काहीतरी थाप मारतो. तोवर काहीतरी सुचेल." दोरीवर चादर टाकून मी खाली गेले. कोणाला सांगितलं नाही. मला ती गोष्ट एवढी मोठी वाटली नाही, आणि माझ्याच परीक्षेने माझ्या नाकी नऊ आणले होते. ही माझी चूक, आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

जुलै लागला. लिमाचा हिवाळा म्हणजे थंडी अशी नाही, पण सूर्य गायब. लोक त्या आभाळाला गाढवाचं पोट म्हणतात, इतकं खाली आणि राखाडी. भुरभुर पडत राहते, कपडे वाळत नाहीत, वह्यांची पानं मऊ पडतात. त्याच आठवड्यात एका दुपारी चार नंबरमधून एक नवीन गाणं आलं, आणि ते चक्क आनंदी होतं.

फोनवर कोणीतरी गावात टिपलेलं होतं ते. कुत्री भुंकत होती, माणसं हसत होती, हार्पचा ठेका पायाला चावी देणारा. मग एका मुलीचा आवाज, नेलिदाचाच, एक कडवं म्हणायचा. शब्द आम्हाला कळत नव्हते. कडवं संपलं की एकदम कापल्यासारखं बंद. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून.

येर्सन चौकात नाचायला लागला. "चार नंबर सुधारली रे! दोन्या, ऐकलंत? आता काढा बंद करा, तिला बिअर पाठवा!"

सगळे हसले. मी दोन्यांकडे पाहिलं. त्यांच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता आणि सुरी थांबली होती. वरचं गाणं कापलं गेलं, आणि पुढच्या क्षणी मी पाहिलं की दोन्यांचे ओठ हलतायत. आवाज नाही, पण ओठ पुढची ओळ म्हणत होते.

"तुम्हाला येतं हे गाणं?"

"मला कसं येईल?" त्या म्हणाल्या. "डोंगऱ्यांचं ओरडणं ते. मी रिमाकची आहे." आणि सुरी इतक्या जोरात चालवली की सालीबरोबर निम्मा बटाटा गेला.

त्यानंतर तीन आठवडे ते गाणं येत राहिलं. कधी दिवसातून एकदा, कधी दोनदा. घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं. येर्सन त्यावर भांडी वाजवायचा. फक्त दोन्या बिघडत चालल्या होत्या. मीठ दोनदा पडायचं. दूध उतू जायचं. गाणं लागलं की त्या काम सोडून चौकात यायच्या, वर बघत उभ्या राहायच्या, आणि ते कापलं गेलं की एप्रनला हात पुसत आत जायच्या. दोनदा जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेलेल्या मी पाहिल्या. दोन्ही वेळा परत फिरल्या.

एकदा नेलिदा पाणी न्यायला खाली आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ते सोडून दुसरं काहीतरी लाव ना, पोरी. कुंबिया लाव."

येर्सन मधे पडला. "अहो दोन्या, हे तर आख्ख्या घरातलं सगळ्यात मजेचं गाणं आहे!"

नेलिदा मात्र दोन्यांकडे बघत होती. इतकं रोखून तिला कोणाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. "का, दोन्या?" तिने विचारलं. "तुम्हाला कळतं का ते?"

मी शेजारीच उभी होते. त्या एका क्षणात बाई काहीतरी बोलणार असं मला नक्की वाटलं. पण येर्सन होता, मी होते, सात नंबरचा दारात चहा पीत होता.

"मला काय कळायचंय," दोन्या म्हणाल्या. "डोकं दुखतं माझं, म्हणून म्हटलं."

नेलिदाने मान हलवली आणि घागर घेऊन वर गेली. त्यानंतर चार दिवस चार नंबरमधून काहीच आवाज आला नाही. नियम मोडला म्हणून दुसऱ्या कोणावर दोन्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तिला त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

चोवीस जुलै, रविवार. आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा खिळा रिकामा होता.

"कात्री कुठे गेली, दोन्या?"

"येर्सनने घेतली असेल. माकडचाळे." पण त्यांनी खिळ्याकडे दोनदा पाहिलं.

येर्सनने घेतली नव्हती. रविवारी सकाळी आम्ही सराव परीक्षेला गेलो, नेलिदा आली नाही. पोट बिघडलंय असं तिने दारातूनच सांगितलं. दुपारी परत आलो तर कोथिंबिरीचा हिरवा भात आणि कोंबडी, रविवारचं ठरलेलं जेवण. सगळे टेबलावर. तिची खुर्ची रिकामी. दोन्या वाढत होत्या, आणि वरून ते गाणं सुरू झालं, आजवर कधी नव्हतं इतकं मोठ्याने.

"बघा, पोट बरं झालं!" येर्सन म्हणाला.

कडवं संपलं. कापलं गेलं. लगेच पुन्हा सुरू. दोन्या पळी हातात धरून उभ्या. दुसऱ्यांदा संपलं. पुन्हा सुरू. एकामागोमाग एक तीनदा ते कधीच वाजलं नव्हतं. तिसऱ्यांदा ते कापलं गेलं आणि मग शांतता पसरली. कुठल्याच खोलीत काही लागलेलं नव्हतं, कारण आम्ही सगळे जेवायला बसलो होतो.

"तीनदा," दोन्या म्हणाल्या. पांढऱ्या पडल्या होत्या. पळी भातात तशीच सोडून त्या जिन्याकडे निघाल्या. गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं ज्या वरच्या मजल्यावर देवाचं नाव घेत चढायच्या, त्या जवळजवळ धावल्या. का ते न कळताच मी मागे गेले. माझ्या मागे येर्सन.

चार नंबरचं दार उघडं होतं. जमीन झाडलेली. चादर काढून घडी केलेली. पुस्तकं सुतळीने बांधलेली, वर तिच्या आईचं नाव आणि गाव लिहिलेला कागद. खाटेवर फोन, त्याच्या बाजूला लाल फितीची कात्री, आणि उशीवर तिची वेणी. दोन्ही टोकांना लोकर बांधलेली, नीट ठेवलेली. मला समजायला वेळ लागला. पास झालेल्या मुलीचे केस घरी पाठवतात तसे ते ठेवले होते. खोली रिकामी होती.

गच्चीचं दार वाऱ्याने आपटलं.

लोखंडी जिना अरुंद आणि भुरभुरीने निसरडा. दोन्या अर्ध्यात पोचल्या आणि गुडघा अडला. कठड्याला धरून त्या तिथेच लोंबकळल्या, श्वास मावेना. त्यांच्या खांद्यावरून मला गच्ची दिसत होती. वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी, कठड्यावर नेलिदा बसली होती. आमच्याकडे पाठ, पाय बाहेर. कापलेले केस मानेवर वेडेवाकडे. मला हाक मारायची होती. खोटं कशाला सांगू, मी थिजले होते.

आणि दोन्यांनी गायला सुरुवात केली.

सूर नव्हता. धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा फाटका आवाज. पण चाल तीच होती, तीन आठवडे आमच्या डोक्यात बसलेली, आणि जिथे फोनमधलं गाणं कापलं जायचं तिथूनच ती पुढे निघाली. भाषा केचुआ. एकही शब्द न अडखळता. माझ्या मागे येर्सनने "अरे देवा" म्हटलं. खाली चौकात सगळे ताटं सोडून उभे होते. डोंगरी बोली डोंगरात म्हणणारी बाई त्याच बोलीत गात होती.

त्या ओळींचा अर्थ मला नंतर कळला. त्यांच्या खोऱ्यात कोणी दूर निघालं की असं गाणं म्हणतात. निघणारा म्हणतो:

*चालले गं, मी चालले,*
*वाटेची धूळ माझी पावलं झाकून टाको,*
*थांब म्हणणारं कोणी आहे का?*

मागे राहणाऱ्यांनी उत्तराचं कडवं म्हणायचं असतं. ते म्हणेपर्यंत निघणाऱ्याने पाऊल उचलायचं नाही, अशी रीत. ठेका नाचाचा असतो, कारण रडत निरोप देत नाहीत. फक्त एकाच प्रसंगी पहिलं कडवं तीनदा म्हणतात आणि उत्तर कोणी देत नाही. माणूस गेलेला असतो तेव्हा, त्याला मातीत ठेवताना, त्याच्या वतीने.

दोन्यांनी उत्तर म्हटलं:

*जा, पण चुलीपाशी तुझं आसन मांडलेलं आहे,*
*राख अजून निवली नाही,*
*ये, पारव्या, आधी बसून घे.*

एकदा म्हटलं. नेलिदाची पाठ हलली नाही. दुसऱ्यांदा म्हणताना दोन्या एक पायरी चढल्या. तिसऱ्यांदा आवाज पार बसला, नुसती हवा येत होती, पण त्या म्हणतच राहिल्या, आणि नेलिदाने मान वळवली. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. आनंद नव्हता त्यावर. राग होता. आधी एक पाय आत आला, मग दुसरा. मी आणि येर्सन दोन्यांना ओलांडून धावलो आणि तिला दंडाला धरलं. ती इतकी गार होती की माझे हात दचकले.

पुढचं एकदम सांगून टाकते, कारण ते सगळं गोड झालं असं नाही. दोन्यांनी त्याच दुपारी नेलिदाच्या आईला फोन केला. लागला. तासभर त्या केचुआत बोलल्या आणि थापेसकट सगळं सांगितलं. पाद्रीनो सव्वीसलाच आले, हॅट हातात धरून चौकात उभे राहिले, तिला रागावले नाहीत. समुद्र पाहायचा होता म्हणाले. तिला घेऊन समुद्र पाहिला आणि गावी गेले. आई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. बऱ्याच उपचारांनंतर, बऱ्याच पडझडीनंतर नेलिदा आज तिकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे, आणि डिसेंबरात मला वाळवलेले बटाटे पाठवते. दोन्यांची गोष्टही तेव्हाच कळली. अकराव्या वर्षी त्यांना डोंगरातून एका डॉक्टरच्या घरी कामाला आणलं होतं. केचुआ बोललं की मालकीण तोंडावर मारायची. दोन वर्षं त्या बोलल्याच नाहीत, नुसतं ऐकलं. मग तोंड उघडलं ते थेट रिमाकच्या होऊन. नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. आम्ही नेलिदाला स्वयंपाकघरात आणलं, अंगावर तीन घोंगड्या टाकल्या. चूल पेटलेली होती. दोन्यांनी तिच्यापुढे रस्सा ठेवला, आणि मिठाची बरणी उचलून अगदी तिच्या हाताशी सरकवली. नेलिदाने कशालाच हात लावला नाही.

"तुम्हाला येत होतं," ती म्हणाली. तिच्याच हेलात, सगळ्यांसमोर. "तीन आठवडे मी लावत होते. या घरात कोणालातरी कळेल म्हणून लावत होते. तुमचे ओठ हललेले मी वरून पाहिलेत, दोन्या."

"हो."

"मग का नाही म्हटलंत?"

दोन्या टेबलाला धरून उभ्या होत्या. "हे सगळे हसतील म्हणून," त्या म्हणाल्या. येर्सनने मान खाली घातली. मीही.

नेलिदाने घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. मग विचारलं, "माझ्या आधी त्या खोलीत कोण होतं?"

"तेओदोसिओ. तुझ्याच बाजूचा. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन. फोनबिन नव्हता त्याच्याकडे, हे कडवं स्वतःच म्हणायचा. गोड गळा होता." दोन्यांनी एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. "मी इथेच बसायचे. बटाटे सोलत."

आता मला कळलं की कानात बोंडं का चालत नव्हती, आणि दोन्या नऊ वर्षं चौकाकडे कान लावून काय ऐकत बसल्या होत्या.

नेलिदाने केचुआत काहीतरी विचारलं. छोटंसं, चारच शब्द. नंतर तिने मला सांगितलं, तिने विचारलं होतं, त्याला उत्तर कोणी दिलं?

"कोणीच नाही," दोन्या म्हणाल्या. आणि हे मात्र त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून.